वाचकांचे प्रश्न : सायप्रसची सुई, तार आणि माती

गेल्या अंकात ‘जगाचा वारसा’ या पानावर सायप्रस बेटावरील लेफकारा गावच्या लेसविषयी एक छोटी चौकट प्रसिद्ध झाली होती. ही लेस गावातील स्त्रिया हाताने करतात आणि २००९ मध्ये युनेस्कोने तिचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, एवढीच माहिती तिच्यात होती. त्यावर आलेली पत्रे आणि त्यांतील प्रश्नांचा नेमकेपणा पाहून या वेळचे सदर संपूर्णपणे सायप्रसच्या हस्तकलांना दिले आहे. सिसिली आणि सार्डिनिया यांच्याखालोखाल भूमध्य समुद्रातील तिसऱ्या क्रमांकाचे हे बेट पर्यटकांना ऊन आणि समुद्रकिनारे यांसाठी ठाऊक असते. त्याच्या मध्यभागी पसरलेल्या त्रोदोस पर्वताच्या उतारांवरील गावांकडे फार थोडे जण वळतात, आणि या सदरातील बहुतेक मजकूर त्याच गावांचा आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी अनेक वर्षे भरतकाम करते. चौकटीसोबतच्या छायाचित्रातील काम मला लेसपेक्षा भरतकामाच्या जवळचे वाटले. ते नेमके काय आहे आणि कसे करतात?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. लेस म्हटले की कापडाच्या आधाराशिवाय, नुसत्या दोऱ्यातून उभे राहणारे काम डोळ्यांसमोर येते. लेफकाराचे काम, ज्याला तिथे लेफकारितिका म्हणतात, ते लिननच्या कापडावर होते आणि त्यातील बराचसा भाग भरतकामच असतो. चार गोष्टी एकत्र आल्या की ते पूर्ण होते : कापडातील काही धागे उपसून उरलेल्या धाग्यांच्या जुड्या बांधणारा हेमस्टिच, सॅटिन टाक्याने घट्ट भरलेले भाग, कापड कापून केलेल्या खिडक्या आणि सर्वांत शेवटी कडेला निव्वळ सुई-दोऱ्याने उभारलेली लेस. या शेवटच्या भागामुळे आणि जाळीदार रूपामुळे सगळ्याच कामाला लेस म्हणण्याची पद्धत पडली.

कामाची सुरुवात कापडावर नक्षी छापून होत नाही. उभे आणि आडवे धागे मोजून नक्षीची जागा ठरते, त्यामुळे ज्या कापडाचा ताणा आणि बाणा सारख्या जाडीचा नाही त्यावर हे काम करताच येत नाही. मोजणी बरोबर असूनही चौकोन लांबट होतो आणि ती चूक पुढच्या प्रत्येक आकृतीत वाढत जाते. पूर्वी यासाठी बेटावरच विणलेले पांढरे सुती कापड वापरत असत. आज आयर्लंडहून आलेले लिनन आणि त्यावर सुती दोरा असे चालते. रंग ठरलेले असतात : पांढरा, बदामी आणि तपकिरी.

एकाच खिडकीचे उदाहरण घेतले तर पद्धत स्पष्ट होईल. आधी धागे मोजून चौकोनाच्या कडा सॅटिन टाक्यांनी बांधून घेतल्या जातात. टाके एकमेकांना इतके लागून असतात की त्यांच्याखालचे धागे हलू शकत नाहीत. मगच बारीक टोकाच्या कात्रीने आतील ठरावीक धागे कडेला अगदी लागून कापले जातात आणि एकेक करून उपसले जातात. उरलेल्या धाग्यांवर सुईने दोरा गुंडाळत त्यांच्या गोल, घट्ट दांड्या केल्या जातात आणि दांड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत काजाच्या टाक्याने पाकळ्या किंवा कमानी भरल्या जातात. कात्रीचे टोक जरा पुढे जाऊन बांधलेल्या कडेखालचा धागा कापला गेला, तर तिथे ती कड उसवते आणि त्यावर लपवाछपवीचा उपाय नसतो. त्यामुळे धागे कापण्याचे काम अनुभवी हातांकडेच जाते. काम मांडीवरच्या छोट्या उशीवर ठेवलेले असते. दोऱ्याच्या शेवटी गाठ मारत नाहीत. टोक टाक्यांखाली सरकवून जिरवले जाते, म्हणून चांगल्या कामाची उलट बाजूही सुलट बाजूइतकीच स्वच्छ दिसते.

नक्षी जवळजवळ पूर्णपणे भौमितिक असते, कारण मोजलेल्या चौकोनी धाग्यांतून वळणे काढणे अवघड असते. कापडाच्या कडेकडेने नागमोडी जाणारी त्रिकोणांची रांग सर्वांत प्रसिद्ध आहे. तिला ‘पोतामोस’, म्हणजे नदी, म्हणतात.

ही कला किमान चौदाव्या शतकापासून चालत आल्याचे मानले जाते. आधीचे साधे पांढरे भरतकाम, बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळापासूनच्या भौमितिक आकृती आणि १४८९ मध्ये बेटावर व्हेनिसची सत्ता आल्यानंतर तिथल्या दरबारी घराण्यांबरोबर आलेली कापकामाची आणि सुईच्या लेसची फॅशन या सर्वांचा मिलाफ तिच्यात झाला. मुलींना ती आई किंवा आजी शिकवत असे; आधी नुसते शेजारी बसून पाहणे, मग सोपी किनार, मग खिडक्या. लग्नात नेण्यासाठी चादरी, टेबलक्लॉथ आणि रुमाल यांचा संच प्रत्येकीला तयार करावा लागे आणि तो पाहुण्यांसमोर मांडला जाई. कौशल्याची खरी परीक्षा तिथे होत असे, आणि परीक्षक आयुष्यभर हेच काम केलेल्या बायका असत.

प्रश्न : लिओनार्दो दा विंचीने लेफकाराला येऊन मिलानच्या कॅथीड्रलसाठी कापड विकत घेतले होते, असे एका पर्यटन पुस्तिकेत वाचले. हे खरे आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ही कथा लेफकारात घरोघरी सांगितली जाते आणि नदीच्या नक्षीला काही जण लिओनार्दोचेच नाव देतात. कथेप्रमाणे तो १४८१ मध्ये तिथे आला होता. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फ्लॉरेन्सजवळच्या एका मठाने त्याच्याकडे ‘मागींची आराधना’ हे मोठे चित्र सोपवले होते आणि त्याचे ते वर्ष त्या कामात गेलेले दिसते. कथेचा शेवट मात्र खऱ्या घटनेत झाला : मिलानच्या कॅथीड्रलच्या उभारणीला १३८६ मध्ये सुरुवात झाली होती, आणि १९८६ मध्ये त्याच्या सहाशेव्या वर्षानिमित्त लेफकाराच्या कामाचे एक वेदीवस्त्र तिथे भेट म्हणून देण्यात आले.

या कथेमुळे गावाचा एक खरा आणि माझ्या मते कितीतरी मोठा इतिहास झाकला जातो. ब्रिटिश अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, लेफकाराचे पुरुष हे भरतकाम पेट्यांत भरून युरोपभर आणि पुढे अमेरिकेपर्यंत विकायला जाऊ लागले. त्यांना ‘केंतितारिदेस’ म्हणत, म्हणजे भरतकामाचे व्यापारी. ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे परदेशी असत; मागे घर, मुले, शेत आणि पुढच्या फेरीचा माल हे सगळे बायका सांभाळत. परदेशातील गिऱ्हाईक काय मागते हे व्यापारी कळवत आणि त्याप्रमाणे गावात नवी मापे आणि नव्या रचना तयार होत. आज पानो म्हणजे वरच्या लेफकारात दिसणारी दुमजली दगडी घरे, रंगीत दारे आणि लोखंडी सज्जे यांतील बरीच घरे या व्यापाराच्या पैशातून उभी राहिली. ज्या हातांनी हा पैसा मिळवला त्यांतील फारच थोड्यांची नावे नोंदलेली आहेत. एका चित्रकाराच्या न झालेल्या भेटीची तारीख सर्वांना पाठ असावी आणि त्या बायकांविषयी पुस्तिकेत एक वाक्यही नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चांदीचे काम चालते. लेफकारात चांदीचे कारागीरही आहेत असे ऐकले. ते काय घडवतात आणि त्यांची पद्धत कशी आहे?
– एक वाचक, हुपरी

उत्तर : लेफकारात बायकांच्या हाती सुई आणि पुरुषांच्या हाती चांदी, अशी कामाची वाटणी होती, आणि गावातील संग्रहालय या दोन्ही कलांना मिळून वाहिलेले आहे. तिथल्या चांदीकामाचे वैशिष्ट्य म्हणजे तारकाम, ज्याला स्थानिक ग्रीक बोलीत ‘त्रिफुरेनियो’ म्हणतात. पद्धत आपल्याला परकी वाटणार नाही. चांदीची तार पोलादी पट्टीच्या उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून केसासारखी बारीक केली जाते. दोन तारा एकत्र पिळून चपट्या केल्या की कडेला दातेरी चमक येते. जाड तारेची चौकट आधी तयार करून तिच्यात या पिळदार तारेची वेटोळी आणि पाने चिमट्याने बसवली जातात, मग चांदीच्या झाळेची पूड आणि टाकणखार घालून सगळे एका आचेत जोडले जाते. आच जरा वाढली तर झाळेबरोबर तारही वितळते. सांध्यांवर बसवलेले रवे शोभेसाठी असतात, तसेच ते जोड झाकण्याचेही काम करतात.

दागिन्यांखेरीज दोन वस्तू तिथल्या प्रत्येक जुन्या घरात असत आणि आजही लग्नात दिल्या जातात. एक म्हणजे ‘मेरेखा’, उंच मानेची, टोकाला बारीक छिद्रे असलेली गुलाबपाण्याची झारी. आपल्याकडे लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडण्यासाठी जी गुलाबदाणी वापरतात, तिच्या शेजारी ही ठेवली तर पाहणाऱ्याला फरक सांगणे कठीण जाईल. कामही तेच, समारंभही तोच. हे गुलाबपाणी त्रोदोसमधील आग्रोस गावात दमास्क गुलाबापासून काढतात. दुसरी वस्तू ‘काप्निस्तिरी’, म्हणजे धुपाटणे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये नेऊन पावन केलेली ऑलिव्हची पाने निखाऱ्यावर टाकून ते घरातील माणसांभोवती ओवाळले जाते, दृष्ट लागू नये म्हणून. गरीब घरांत हेच धुपाटणे मातीचे असे.

साचे आणि यंत्रे तिथेही आली आहेत, आणि ओतीव नक्षी तारकाम म्हणून विकली जाते. आपल्या अनुभवी डोळ्याला ते लगेच कळेल, कारण ओतीव वस्तूत पिळाचे दाते बोथट असतात आणि वेटोळ्यांच्या मधली फट आरपार नसते.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही काही जणी सायप्रसला जात आहोत. खरे हातकाम कसे ओळखावे आणि कुठे पाहावे?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : लेफकारा लार्नाका शहराहून साधारण ४० किलोमीटरवर आहे. पानो म्हणजे वरचे आणि कातो म्हणजे खालचे अशी दोन गावे आहेत. दुकाने आणि संग्रहालय वरच्या गावात आहेत. माझी विनंती अशी की आधी संग्रहालय पाहावे आणि दुकानांकडे नंतर वळावे. जुने, उत्तम काम एकदा जवळून पाहिले की पुढची पारख बरीचशी आपोआप होते.

बाहेरून आलेली, यंत्रावर केलेली लेस पर्यटकांच्या बाजारात मिसळलेली असते. कापड उलटे करून पाहावे. यंत्राच्या कामात मागे दोऱ्याची सलग साखळी किंवा चिकटवलेला आधार दिसतो. खिडकीच्या आतील दांड्यांकडे पाहावे. हाताने गुंडाळलेल्या दांडीत मूळ कापडाचा धागा आत असतो आणि बारकाईने पाहिल्यास तो कडेतून निघालेला दिसतो. सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे विचारणे : हे कोणी केले, किती दिवस लागले, ही नक्षी काय म्हणून ओळखली जाते? ज्या घरी काम होते तिथली बाई याचे उत्तर बसवून, टाका घालून दाखवत देते.

भाव पाडून मागू नये, असे मी आग्रहाने सुचवीन. मोठ्या टेबलक्लॉथला महिने लागतात आणि विक्रीच्या किमतीला त्या तासांनी भागले तर मजुरी लाजिरवाणी निघते. मोठी वस्तू परवडणारी नसेल तर हाताने केलेला छोटा रुमाल घ्यावा. त्या पैशात यंत्राचा मोठा टेबलक्लॉथ मिळतो म्हणून तो घेऊ नये.

राजधानी निकोसियात तटबंदीच्या आतील जुन्या शहरात, आर्चबिशपच्या जुन्या वाड्यात लोककलेचे संग्रहालय आहे. तिथे भरतकामाबरोबर कोरीव लाकडी संदुका, हातमागाची वस्त्रे आणि मातीची भांडी एकत्र पाहता येतात. संदुकीला तिथे ‘सेंदुकी’ म्हणतात. तिच्या दर्शनी फळीवर सुरूची झाडे, पक्षी आणि चक्राकार फुले कोरलेली असतात, आणि लेफकाराचा लग्नाचा संच घरात अशाच संदुकीत राहत असे.

प्रश्न : सोलापूरच्या हातमागाशी आमचा जुना संबंध आहे. सायप्रसमध्ये विणकामाची परंपरा आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आहे, आणि तिचे सर्वांत ओळखीचे नाव पाफोस जिल्ह्यातील फिती या गावाचे आहे. तिथल्या कापडाला ‘फिथ्कियोतिका’ म्हणतात. पांढरट सुती जमिनीवर जादा रंगीत बाण्याने भौमितिक नक्षी काढलेली असते आणि ती कापडाच्या वर उठून दिसते, बोटांना जाणवते. लाल, निळा, हिरवा, पिवळा हे रंग ठळक आणि एकमेकांत न मिसळता येतात. पूर्वी माग बहुतेक घरांत असे आणि तो बायका चालवीत. आता गावात थोडेच माग उरले आहेत.

रेशीमही बेटावर भरपूर होत असे. कोशाचे रेशीम काढून घेतल्यावर जे खराब कोश उरत, ते टाकून न देता त्यांचे पाकळ्यांसारखे तुकडे कापून मखमलीवर फुलांचे गुच्छ शिवण्याची आणि ती चौकट भिंतीवर लावण्याची कला तिथे रुजली. रेशमाचा उद्योग जवळजवळ संपला, पण ही कोशांची चित्रे अजून केली जातात.

प्रश्न : १९७४ मध्ये बेटाची फाळणी झाली. गावे रिकामी झाली, माणसे इकडून तिकडे गेली. मग हस्तकलांचे काय झाले? मी इतिहास शिकवते म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले आभार, कारण सायप्रसच्या कलांविषयी लिहिताना तो सहसा गाळला जातो. जुलै १९७४ मध्ये आधी ग्रीसमधील लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने बंड झाले आणि पाच दिवसांनी, २० जुलैला, तुर्कस्तानचे सैन्य उतरले. बेटाचा उत्तरेकडील एक तृतीयांशाहून अधिक भाग त्याच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेकडे आणि चाळीस हजारांहून अधिक तुर्की सायप्रियट उत्तरेकडे विस्थापित झाले. ही रेषा आजही कायम आहे; ती ओलांडण्याची मुभा एप्रिल २००३ पासून मिळाली.

हस्तकला गावाला बांधलेली असते : तिथली माती, तिथले पाणी, शेजारी बसणारी माणसे. उत्तर किनाऱ्यावरील लापिथोस हे कुंभारकाम, कोरीव संदुका आणि रेशीम या तिन्हींसाठी नाणावलेले होते. तिथले कारागीर दक्षिणेला आले ते मागे भट्टी, अवजारे आणि अनेक वर्षांची ओळख असलेली मातीची खाण सोडून. लेफकोनिको या गावच्या विणकर बायकांचेही तेच झाले. त्यांची स्वतःची नक्षी होती आणि ती विणणारी माणसे एका आठवड्यात निरनिराळ्या छावण्यांत विखुरली. त्यांतील काहींनी दक्षिणेत नव्याने माग लावले, आणि सरकारने सायप्रस हस्तकला सेवा उभी केली ती विस्थापितांना काम मिळावे आणि जुन्या पद्धती हरवू नयेत या दुहेरी हेतूने. निकोसियातील तिच्या कार्यशाळांत विणकाम, भरतकाम, कुंभारकाम आणि लाकूडकाम यांचे नमुने जपले गेले.

याच्या दुसऱ्या बाजूविषयी फार कमी लिहिले जाते. लेफकारा हे मिश्र वस्तीचे गाव होते. तिथल्या तुर्की सायप्रियट बायकाही हेच भरतकाम करीत, त्याच गल्ल्यांत बसून, शेजारणींकडून शिकून आणि शेजारणींना शिकवून. त्या उत्तरेकडे गेल्या तेव्हा कला त्यांच्याबरोबर गेली. उत्तर भागात आजही ‘लेफकारा इशी’, म्हणजे लेफकाराचे काम, या नावाने ती शिकवली आणि विकली जाते. गाव सुटून पन्नास वर्षे झाली तरी नाव गावाचेच राहिले. विद्यार्थ्यांना फाळणी समजावून सांगताना हे उदाहरण आपण जरूर वापरावे. एकाच नक्षीचे रुमाल निकोसियाच्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना विकायला असतात. उत्तर बाजूला १५७२ मध्ये ऑटोमन काळात बांधलेली ब्युयुक हान ही मोठी सराई आहे. तिच्या कमानीदार ओवऱ्यांतील खोल्यांत, जिथे पूर्वी व्यापारी उतरत, आता कारागिरांची दुकाने आहेत. दोन्ही बाजूंचे काम एका ठिकाणी, एकाच नावाखाली मांडलेले पाहायला मिळावे अशी माझी फार इच्छा आहे.

प्रश्न : आमचा कुंभारकामाचा व्यवसाय आहे. तिथे मातीचे आणि बुरूडकामासारखे काम होते का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : होते. कुंभारकामाची दोन गावे प्रसिद्ध आहेत : लार्नाका जिल्ह्यातील कोर्नोस आणि त्रोदोसमधील फिनी. कोर्नोसचे विशेष असे की तिथे भांडी घडवणाऱ्या परंपरेने बायका आहेत. भांडे वेगाने फिरणाऱ्या चाकावर ओढून काढत नाहीत. हाताने हळू फिरवायच्या पाटावर लाल मातीच्या जाड वळ्या एकावर एक रचतात, बोटांनी आणि लाकडी पट्टीने पातळ करत वर नेतात, आणि एक थर जरा सुकून भार पेलण्याइतका झाल्यावरच पुढचा चढवतात. त्यामुळे एकच भांडे एका बैठकीत पूर्ण होत नाही. बाई एकाच वेळी कितीतरी भांड्यांवर फिरत काम करते. पाण्याचे कुंजे बिनझिलईचे ठेवतात म्हणजे पाणी झिरपून गार राहते.

फिनी ओळखले जाते ते रांजणांसाठी. ‘पिथारी’ नावाचे हे रांजण माणूस आत बसू शकेल इतके मोठे असत आणि त्यांत द्राक्षाची दारू, ऑलिव्हचे तेल आणि धान्य साठवत. दारूच्या रांजणाला आतून डांबरासारखा राळेचा थर देत. पुष्कळ जुन्या रांजणांच्या खांद्यावर घडवल्याचे साल कोरलेले आढळते. उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची ‘कमांदारिया’ ही गोड दारू शतकानुशतके अशाच रांजणांत मुरली. लाकडी पिंपे, पत्र्याचे डबे आणि प्लास्टिक आल्यावर रांजणांची मागणी संपली आणि आज ते अंगणात फुलझाडांसाठी वापरलेले दिसतात.

या बेटावर माणसाने मातीच्या आधी दगडाची भांडी घडवली, हेही आपल्याला जाणून घ्यायला आवडेल. खिरोकितिया येथील नवाश्मयुगीन वस्ती, जी १९९८ पासून जागतिक वारसास्थळ आहे, कुंभारकाम सुरू होण्यापूर्वीची आहे. तिथे अँडेसाइट या कठीण दगडातून कोरलेले पन्हाळीचे वाडगे सापडले आहेत.

टोपल्यांबद्दल थोडक्यात : गव्हाच्या काड्यांची, रंगीत नक्षीची सपाट परडी ‘त्सेस्तोस’ घरोघरी भिंतीवर टांगलेली असे आणि लागेल तेव्हा तिच्यात पाव किंवा शेवया वाळत घालत. लव्हाळ्याची छोटी ‘तालारी’ हालुमी चीज आणि पनीर निथळण्यासाठी वापरत, आणि तिच्या विणीचा ठसा चीजवर उमटे. आता ते काम प्लास्टिकच्या साच्यांत होते. मात्र कोकणातल्या गडग्यासारखे, चुना-सिमेंटशिवाय रचलेले दगडी बांध त्रोदोसच्या उतारांवर अजून द्राक्षमळे तोलून धरत आहेत. या कोरड्या बांधकामाच्या कौशल्याला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले तेव्हा सायप्रस धरून आठ देशांनी मिळून अर्ज केला होता.

प्रश्न : युनेस्कोच्या यादीत नाव गेल्याने कारागिरांचा खरोखर काही फायदा होतो का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मान मिळतो, आणि तो क्षुल्लक नसतो, आयुष्यभर ‘रिकाम्या वेळचे काम’ म्हणून पाहिले गेलेल्या कौशल्याला जगाने नावाने ओळखले, याचा लेफकाराच्या बायकांना अभिमान आहे. गावात पर्यटक वाढतात. पण यादी कोणाला मजुरी देत नाही. गल्लीत खुर्ची टाकून काम करणाऱ्या बहुतेक बायका वयस्कर आहेत, आणि त्यांच्या मुली-नाती शिकून निकोसियात आणि लिमासोलमध्ये नोकऱ्या करतात. त्यांना दोष देता येणार नाही. कला शिकायला वर्षे लागतात, डोळ्यांवर ताण येतो आणि मिळकत अनिश्चित असते. लग्नाचा संच तयार करण्याची सक्ती गेली हे चांगलेच झाले, परंतु शिकण्याचे जे मुख्य कारण होते तेही तिच्याबरोबर गेले. नव्या कारणांचा शोध चालू आहे : काही तरुण कलाकार लेफकारितिकाच्या खिडक्या कपड्यांत आणि दागिन्यांत वापरतात, काही जणी सुटीत येणाऱ्या परदेशी स्त्रियांना टाके शिकवतात. माझ्या मते उपयोगाचे पाऊल एकच आहे, ते म्हणजे यंत्राच्या मालाला गावाचे नाव लावून विकू न देणे. जोवर दोन्ही एकाच टेबलावर, एकाच नावाने मांडलेले असतात, तोवर हाताने करणारीला योग्य किंमत मागताच येत नाही.

प्रश्न : माझ्या नणंदेने मला लेफकाराचा टेबलक्लॉथ भेट दिला आहे. तो धुवावा कसा आणि पावसाळ्यात ठेवावा कसा?
– एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : वॉशिंग मशीनमध्ये घालू नये. कोमट पाण्यात सौम्य साबण विरघळवून त्यात अर्धा तास भिजत ठेवावा, चोळू नये, ब्रश लावू नये. डाग असेल तिथे बोटाने हलके दाबावे. दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढून, न पिळता, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी शोषून घ्यावे. दोरीवर टांगल्यास ओल्या कापडाच्या वजनाने खिडक्या ओढल्या जाऊन तिरप्या होतात, म्हणून सावलीत सपाट पसरून वाळवावा. पूर्ण वाळण्याआधी, दमट असतानाच, टॉवेलवर सुलट बाजू खाली करून मागून इस्त्री करावी म्हणजे सॅटिन टाक्यांचा उठाव दबत नाही. इस्त्रीचे टोक खिडक्यांत अडकू देऊ नये. खळ लावू नये, कारण कोकणातल्या दमट हवेत खळीवर बुरशी धरते आणि कसरही तिच्याकडे येते. घडीच्या रेषेवर लिनन तुटते, म्हणून घडी न घालता धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडासह नळीवर गुंडाळून ठेवावा. प्लास्टिकची पिशवी वापरू नये आणि डांबराच्या गोळ्या कापडाला लागून ठेवू नयेत. पावसाळ्यात पाऊस उघडेल त्या दिवशी तो काढून पंख्याखाली तासभर पसरावा आणि उलट दिशेने पुन्हा गुंडाळावा.